गावाला टॉन्सिलच्या खाटा किती?

श्रोतेहो, दवाखान्याची गोड आठवण कुणाला असेल असे वाटत नाही. पण आमच्या आळीतल्या पोरांना एक होती. टॉन्सिल काढले की आइस्क्रीम मिळते, हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. १९८८ साली माझ्या धाकट्या बहिणीचे टॉन्सिल काढले, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी आठ वर्षांचा. तिला आइस्क्रीम मिळाले आणि मला मिळाले नाही, म्हणून मी रुसून बसलो होतो. त्यानंतर सातव्या रात्री जे घडले त्याने माझा रुसवा कायमचा गेला. ती हकीगत पुढे येईलच.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि जोडीला थोडे संख्याशास्त्र शिकवतो. तेव्हा कुणाच्या घशात काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण गावाच्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांची सोय किती आणि कशी असावी, हा प्रश्न नुसता वैद्यकाचा नाही. तो हिशेबाचा आहे, आणि थोडासा शहाणपणाचाही आहे. म्हणून हे धाडस.

झाले असे. आमच्याकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. त्याच्या रुग्ण कल्याण समितीवर गावातली काही माणसे असतात, त्यात मलाही बसवले आहे. मागे एका बैठकीत एक कागद पुढे आला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून मुले तपासतात, हे आपणांस ठाऊक असेल. अशा तपासणीत ज्यांच्या नावापुढे ‘टॉन्सिल वाढलेले’ असा शेरा पडला होता त्या चाळीसेक मुलांची ती यादी होती. गावातल्या एका उदार व्यापाऱ्याने खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. शहरातून तज्ज्ञ येतील, एक दिवसाचे शिबिर भरेल, चाळीसही मुले मोकळी होतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, आकड्यांचा विषय तुमचा. दरवर्षी अशी किती मुलं निघतील, त्याचा अंदाज द्या. म्हणजे कायमच्या खाटाच मागून घेऊ.”

काम सोपे वाटले. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या घ्यायच्या, सरासरी काढायची, लोकसंख्येच्या वाढीचा थोडा भर घालायचा, झाला अंदाज. विहीर खणताना माणशी किती घागरी पाणी लागेल हे असेच काढतात. पण मी जुने ग्रंथ आणि अहवाल उघडून बसलो आणि माझ्या लक्षात आले की टॉन्सिलचा हिशेब पाण्याच्या हिशेबासारखा नाही. ज्या आकड्याला आपण ‘गरज’ म्हणतो, तो रोग्याच्या घशात असतो की तपासणाऱ्याच्या डोळ्यांत, हेच आधी ठरवावे लागते.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो इंग्लंडात. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून सरकारी शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी होऊ लागली आणि टॉन्सिल काढणे ही मुलांवर सर्वांत जास्त होणारी शस्त्रक्रिया होऊन बसली. ॲलिसन ग्लोव्हर नावाचे एक सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. त्यांनी निरनिराळ्या भागांतले आकडे जमवले आणि १९३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे मांडले. त्यात दिसले ते असे: शेजारशेजारच्या दोन भागांत हवा तीच, घरे तशीच, मुलांचे खाणेपिणे सारखेच, पण एका भागात टॉन्सिल काढण्याचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट. आणखी गंमत म्हणजे गरिबांच्या दाट वस्तीतल्या मुलांपेक्षा सुखवस्तू घरांतल्या मुलांचे टॉन्सिल अधिक काढले जात होते. रोगच कारण असता तर हे उलटे दिसायला हवे होते.

त्यांतले एक उदाहरण तर मी वर्गात नेहमी सांगतो. लंडनच्या उत्तरेला हॉर्नसी नावाचा भाग आहे. तिथल्या शाळांतील मुलांवर १९२८ साली टॉन्सिलच्या १८६ शस्त्रक्रिया झाल्या. १९२९ साली किती झाल्या असतील? १२! एका वर्षात असे काय घडले? मुलांचे घसे बदलले नव्हते. शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते. गॅरो नावाचे नवे डॉक्टर आले, आणि टॉन्सिल मोठे दिसले एवढ्यावरून ते काढायला ते तयार नव्हते. बरे, त्यामुळे हॉर्नसीची मुले अधिक आजारी पडू लागली का? ग्लोव्हरांनी तेही तपासले. तसे काही दिसले नाही.

आता समजा, १९२८ साली हॉर्नसीत आमच्यासारखी एखादी समिती असती आणि तिने माझ्यासारख्या मास्तराला खाटांचा अंदाज विचारला असता. त्याने १८६ हा आकडा धरून खाटा मांडल्या असत्या. पुढच्या वर्षी त्या रिकाम्या राहिल्या असत्या. किंवा, आणि हे अधिक संभवनीय, खाटा आहेत म्हणून त्या भरल्या गेल्या असत्या!

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, १९३४ साली प्रसिद्ध झालेले. न्यूयॉर्क शहरात शाळेतली एक हजार मुले घेतली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरली ३८९. ती डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी त्यांतल्या १७४ जणांचे टॉन्सिल काढावेत असे सांगितले. राहिलेली २१५ मुले, म्हणजे ज्यांना ‘ठीक आहे’ म्हटले होते ती, दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी त्यांतली ९९ निवडली. तरीही उरलेली ११६ पुन्हा आणखी डॉक्टरांपुढे उभी केली, तर त्यांनी ५१ काढली. अखेर हजारांत टॉन्सिल काढायला नकोत अशी ६५ मुले उरली. आणि तपासणी थांबली ती डॉक्टर संपले म्हणून!

यातले मर्म पाहा. प्रत्येक खेपेला प्रमाण जवळजवळ तेच आहे, शेकडा ४५ च्या आसपास. म्हणजे डॉक्टर मुलागणिक विचार करीत होते असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात समोर आलेल्या रांगेतली निम्मी मुले उचलायची, असा डोळ्यांना सराव झाला होता. मी डॉक्टरांना हसत नाही. उत्तरपत्रिका तपासताना आम्हां मास्तरांचे हेच होते. हुशार वर्गाचा गठ्ठा असो की सामान्य वर्गाचा, पहिल्या वर्गाचे गुण किती जणांना द्यायचे याचे माप हात आपोआप धरतो.

तिसरे उदाहरण व्हरमाँट या अमेरिकेतल्या छोट्या राज्याचे. वेनबर्ग नावाचे डॉक्टर आणि गिटेलसन नावाचे संख्याशास्त्रज्ञ यांनी तिथल्या तेरा रुग्णालय-क्षेत्रांचे आकडे १९७३ साली प्रसिद्ध केले. दहा हजार लोकसंख्येमागे टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया एका क्षेत्रात वर्षाला १३, तर दुसऱ्या एका क्षेत्रात १५१!

हे आकडे मी घरी आणले. म्हणजे आपल्या तालुक्याला लावून पाहिले. तालुक्याची वस्ती अडीच लाख धरा. व्हरमाँटचा खालचा दर लावला तर वर्षाला ३२५ शस्त्रक्रिया, म्हणजे आठवड्याला सहा. वरचा दर लावला तर वर्षाला ३,७७५, म्हणजे आठवड्याला बहात्तर. प्रत्येक मुलाला एक रात्र ठेवायचे म्हटले तर पहिल्या हिशेबाने रोज एक खाटसुद्धा भरणार नाही. दुसऱ्या हिशेबाने रोज दहा खाटा लागतील, आणि बाकीचे रुग्ण व्हरांड्यात झोपतील. सहा की बहात्तर? मुले तीच, तालुका तोच. अंदाज द्या म्हणणाऱ्या अध्यक्षांना मी काय सांगावे?

१९६० च्या सुमारास मिल्टन रोमर या अमेरिकन अभ्यासकाने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या लोकांचा दवाखान्याचा खर्च दुसरे कुणी भरते, त्यांच्यात खाट मांडली की ती भरते. आपल्याकडे आता विमा आणि सरकारी आरोग्य योजना आल्या आहेत, आणि ते चांगलेच झाले. गरिबाच्या पोराचे ऑपरेशन पैशावाचून अडू नये. पण ज्या दिवशी पैशाचा अडसर दूर होतो, त्या दिवसापासून शहाणपणाचा अडसर अधिक मजबूत करावा लागतो. इंग्लंडने १९६२ साली साऱ्या देशासाठी रुग्णालयांचा मोठा आराखडा केला. एक लाख ते दीड लाख वस्तीला ६०० ते ८०० खाटांचे एक जिल्हा रुग्णालय, असे माप त्यात धरले होते. माप हवेच, त्यावाचून आराखडा होत नाही. पण खाटांचे माप धरले म्हणून कुणाला त्या खाटेवर निजवायचे हा प्रश्न सुटत नाही.

आता आपण म्हणाल, मग टॉन्सिलचे ऑपरेशन हे सगळे थोतांडच का? मुळीच नाही. इथेच माझाही तोल जात होता. इतके आकडे वाचल्यावर मी मनाशी ठरवूनच टाकले होते की शिबिराला सरळ विरोध करायचा. आणि मग एक दिवस आमच्या महाविद्यालयातले शिपाई माझ्या खोलीत आले.

म्हणाले, “सर, तुम्ही दवाखान्याच्या कमिटीत आहात. जरा विचारायचं होतं. पोरगं रात्री लई घोरतंय.”

मी म्हटले, “मुलं घोरतातच. सर्दी असेल.”

“सर्दी नाही सर. घोरता घोरता मधेच थांबतंय. श्वासच घेत नाही. मग दचकून उठतंय. त्याची आई रात्रभर त्याच्या उशाशी बसून असती. शाळेत बाकावरच झोपतंय म्हणून बाई मारतात त्याला.”

तो मुलगा यादीत नव्हता. त्याला कधी ताप येत नसे, घसा दुखतो अशी त्याची तक्रार नसे, आणि पथक शाळेत आले त्या दिवशी तो गैरहजर होता. मी त्यांना रुग्णालयात नेले. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी इतक्या वाढल्या होत्या की निजल्यावर हवेची वाटच बंद होत होती. अशा मुलांवर २०१३ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुले तिच्यात होती. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना सात महिने नजरेखाली ठेवले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७९ मुलांची झोप सुधारून नेहमीसारखी झाली, आणि त्यांचे वागणेही सुधारले. थांबलेल्यांपैकी शेकडा ४६ मुलांचीही झोप आपोआप ठीक झाली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण ज्याचा श्वास रात्रीतून अनेकदा अडतो, त्याच्या आईला ‘थांबा’ म्हणणे सोपे नाही, आणि पुष्कळदा बरोबरही नाही.

म्हणजे आमच्या तालुक्यात एकाच वेळी दोन चुका होत होत्या. ज्यांना कदाचित गरज नव्हती ती चाळीस मुले यादीत होती, आणि ज्याला गरज होती तो यादीबाहेर बाकावर झोपत होता. नुसत्या खाटा वाढवून यांतली एकही चूक सुधारत नाही.

आता वारंवार घसा येणाऱ्या मुलांचे पाहू. इथे वैद्यकशास्त्राने बरेच निश्चित माप दिले आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या पॅरडाइज नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा लागोपाठ तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा घसा बिघडला, आणि प्रत्येक वेळी ताप, गळ्याला गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग यांपैकी काही लक्षणे नोंदली गेली, अशीच मुले त्यांनी घेतली. अशा मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा झाला. पहिली दोन वर्षे त्यांचे घसे कमी वेळा आले. पण शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकीही अनेक मुले वाढत्या वयाबरोबर सुधारत गेली. सात, पाच, तीन हे आकडे आज पुष्कळ देशांत पायाभूत मानतात.

यात ‘नोंदली गेली’ हे शब्द फार मोलाचे आहेत. मी समितीत विचारले, या चाळीस मुलांपैकी कुणाचा घसा गेल्या वर्षात किती वेळा आला? कुणाकडे उत्तर नव्हते. आयांना विचारले तर उत्तर एकच, “सारखाच येतोय बघा.” आईचे खोटे नसते. मुलाचा ताप आईला नेहमी सारखाच येत असल्यासारखा वाटतो. पण ‘सारखा’ म्हणजे वर्षात तीनदा की नऊदा, हे कागदावर असल्याशिवाय कळत नाही. आणि पथकाच्या डॉक्टरांनी लिहिले होते ते एवढेच की टॉन्सिल वाढलेले दिसले. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल मोठेच असतात. त्या वयाचा तो धर्म आहे. पुढे ते हळूहळू लहान होतात.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्याकडे घसा येणे ही नेहमीच साधी बाब नसते. एका विशिष्ट जंतूमुळे घसा बिघडला आणि त्याचे औषध नीट झाले नाही, तर काही मुलांना सांधेज्वर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. हा रोग आपल्या देशातून अजून गेलेला नाही. त्यावर उपाय शस्त्रक्रिया नव्हे. वेळेवर आणि पुरे दिवस घेतलेले पेनिसिलिन हा आहे. ते स्वस्त मिळावे म्हणून तर १९५४ साली आपल्या पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला. म्हणून टॉन्सिलच्या आराखड्याची पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी नसून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधाच्या खिडकीशी आहे. ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणारे आपण सगळे, त्या खिडकीशीच चुकतो.

आता माझ्या बहिणीची रात्र.

तिची शस्त्रक्रिया सकाळी झाली. तीन दिवसांनी घरी आणली. सातव्या रात्री आईला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. दिवा लावला तर उशी लाल. बहीण घाबरून गिळत होती आणि गिळलेले पुन्हा बाहेर येत होते. रुग्णालय तीस किलोमीटर दूर. रात्री एस.टी. नाही. वडिलांनी दुधाच्या गाडीवाल्याला उठवले. गाडीत रिकाम्या कॅनच्या मधे आई तिला मांडीवर घेऊन बसली होती. मी हट्टाने बरोबर गेलो होतो. तो खडखडाट मला अजून ऐकू येतो. तिथे पोचल्यावर पहाऱ्यावरच्या माणसाने सांगितले, “ऑपरेशनवाले डॉक्टर सकाळी येतील.” सुदैवाने एक तरुण डॉक्टर तिथे मुक्कामाला होता. त्याने जे करायचे ते केले आणि बहीण वाचली. आज ती दोन मुलांची आई आहे. दोष कुणाला द्यावा असे मला वाटत नाही. शस्त्रक्रिया चांगलीच झाली होती. फक्त ती सातव्या दिवसापर्यंत चालू असते, हे कुणी हिशेबात धरले नव्हते.

टॉन्सिल काढल्यावर रक्तस्राव होतो तो एक तर पहिल्या चोवीस तासांत, नाहीतर पाचव्यापासून दहाव्या दिवसाच्या दरम्यान, खपली सुटते तेव्हा. इंग्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे चौतीस हजार लहानमोठ्या रोग्यांची पद्धतशीर पाहणी झाली. शेकडा साडेतीन जणांना रक्तस्राव झाला, आणि शंभरांत जवळजवळ एकाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावे लागले. म्हणजे चाळीस मुलांच्या शिबिरात एखाद्या मुलाच्या वाट्याला ती रात्र येण्याचा संभव धरूनच चालायला हवे. आणि त्या रात्री शिबिराचे तज्ज्ञ शहरात आपल्या घरी असतील.

साधनांचेही असेच आहे. २००१ च्या आरंभी इंग्लंडमध्ये एका भयंकर मेंदूरोगाची लागण हत्यारांतून होईल या भीतीने, टॉन्सिलसाठी एकदाच वापरून फेकायची हत्यारे सक्तीची केली. हेतू उत्तम. पण नव्या हत्यारांनी रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो हुकूम मागे घ्यावा लागला. एक भीती टाळताना दुसरी वाढवली जात नाही ना, हे आराखडा करणाराने मोजत राहिले पाहिजे. त्यांनी मोजले, म्हणून त्यांना मागे फिरता आले.

आणि एक बाब आकड्यांत न बसणारी. पूर्वी इंग्लंडच्या पुष्कळ रुग्णालयांत मूल दाखल केले की आईबापांना आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटू देत. टॉन्सिलची मुले तर एक-दोन दिवसांचीच पाहुणी, त्यांना बहुधा भेटच नाही. मूल रडते म्हणून भेट बंद! जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रपटात टिपला, तेव्हा पाहणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळले. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीने शिफारस केली की आईबापांना केव्हाही भेटू द्यावे, आणि लहान मुलाबरोबर आईला राहता यावे. आपल्याकडे आईला कुणी बाहेर काढत नाही, हे आपले भाग्य. पण तिची सोयही करीत नाही. ती खाटेखाली सतरंजी टाकून निजते. खाट मोजताना आईची जागा मोजायला काय हरकत आहे?

तर पुढच्या बैठकीत मी अंदाज दिला नाही. प्रश्न दिले. मुलांचे घसे मोजले आहेत का? रात्री श्वास अडणारी मुले कोण शोधणार? भूल देणारे डॉक्टर आणि रक्ताची सोय कुठे आहे? सातव्या रात्री दार कोण उघडणार? अध्यक्ष थोडे नाराज झाले. उदार व्यापारी म्हणाले, “सर, आम्ही पैसे द्यायला निघालो आणि तुम्ही परीक्षा घ्यायला बसलात.” त्यांचेही चुकले नव्हते. दान देणाऱ्याला प्रश्नपत्रिका कुणाला आवडेल?

पण आमचे वैद्यकीय अधीक्षक शांतपणे म्हणाले, “सरांचा शेवटचा प्रश्न माझा आहे. रात्री दोन वाजता फोन मला येतो.” आणि बैठकीचा नूर पालटला. शिबिर रद्द झाले नाही. त्याचे रूप बदलले. पहिला दिवस शस्त्रक्रियेचा न ठेवता तपासणीचा ठेवला. ज्यांचा श्वास अडतो त्यांना पुढे घेतले. त्यांत आमच्या शिपायांचा मुलगा होता. बाकीच्यांच्या आयांना नोंदीसाठी एकेक कार्ड दिले. शस्त्रक्रिया एका दमात चाळीस न करता, महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी थोड्याथोड्या करायच्या, आणि दूरच्या गावच्या मुलांनी दहा दिवस तालुक्याच्या गावीच राहावे, असे ठरले. व्यापाऱ्यांचा पैसा त्या दहा दिवसांच्या दोन खोल्यांना आणि रात्रीच्या गाडीला लागला. त्यांच्या नावाची पाटी त्या खोल्यांवर आहे. शिबिराच्या फलकापेक्षा ती पाटी जास्त दिवस टिकेल, असे मी त्यांना म्हटले, तेव्हा ते हसले.

दहा महिन्यांनी कार्डे पाहिली. बरीच नावे आपोआप गळली होती. काहींची गळली नव्हती, उलट त्यांच्या कार्डावर तारखांची रांग लागली होती. त्यांना आता कुणी ‘उगाच काढताय’ म्हणणार नाही आणि कुणी ‘थांबा’ही म्हणणार नाही. अध्यक्षांना हवा होता तो अंदाज मला आता कुठे देता येण्याजोगा झाला आहे, आणि तो माझ्या पहिल्या सरासरीच्या जवळपासही नाही.

श्रोतेहो, सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून शेवटी आपण घरी करण्याजोगे एक काम सांगतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच. दूध किती घेतले, सिलिंडर केव्हा लावला, हे आपण तिच्यावर लिहितो. मुलाचा घसा आला, ताप आला, की त्या तारखेच्या चौकोनात एक खूण करा; ताप किती होता आणि औषध किती दिवस दिले, तेही लिहा. मूल रात्री घोरत असेल तर एक रात्र त्याच्या उशाशी बसा, श्वास मधेच थांबतो का ते पाहा, आणि तेही लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती दिनदर्शिका भिंतीवरून काढून बरोबर न्या. वर्षअखेरीला दुधाचा हिशेब चुकला तर चार रुपयांचा फरक पडेल. हा हिशेब मात्र चुकू देऊ नका.